साखर एकादशीने उतरली की गोळीने, हे कोणी ठरवायचे?

पत्राचा सारांश (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) :

पत्र लिहिणाऱ्या डॉक्टर एका अभिमत विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन विभागात सहयोगी प्राध्यापक आहेत. मधुमेहावरच्या, बाजारात आधीपासून मिळणाऱ्या एका संयुक्त गोळीचा अभ्यास त्यांच्या विभागप्रमुखांच्या नेतृत्वाखाली नुकताच पूर्ण झाला. गोळ्या आणि अभ्यासाचा खर्च ती गोळी बनवणाऱ्या कंपनीने दिला आणि तो महाविद्यालयाच्या खात्यात रीतसर जमा झाला. मात्र विभागप्रमुख त्याच कंपनीच्या सल्लागार मंडळावर आहेत, कंपनीसाठी दिलेल्या व्याख्यानांचे मानधन त्यांना मिळते आणि कंपनीचे शेअर त्यांच्या पत्नीच्या नावावर आहेत, हे पत्रलेखिकेला अलीकडेच बोलण्याच्या ओघात कळले. तयार झालेल्या शोधनिबंधात ‘हितसंबंध : नाहीत’ असे लिहिले आहे. विचारल्यावर ‘शेअर माझ्या नावावर नाहीत आणि व्याख्यानांचा या अभ्यासाशी संबंध नाही’ असे उत्तर मिळाले.

निबंधातल्या दोन गोष्टी त्यांना खटकतात. सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत, अभ्यास नोंदवताना २४ आठवड्यांनंतरचे एचबीएवनसी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) हा मुख्य निकष ठरला होता. निबंधात १२ आठवड्यांचा निकाल पुढे आणला आहे, कारण २४ आठवड्यांना दोन गटांतला फरक उरला नाही. दुसरे म्हणजे, गोळी घेणाऱ्या तीन रुग्णांची साखर धोकादायक पातळीला उतरली होती. त्यांतले एक वारकरी शेतकरी. आषाढी एकादशीच्या रात्री मुलाने त्यांना कॅज्युअल्टीत आणले तेव्हा ग्लुकोमीटरवर ३८ हा आकडा होता. तिन्ही घटना इथिक्स कमिटीला (संशोधनातल्या रुग्णांचे हित पाहणाऱ्या समितीला) वेळेत कळवल्या गेल्या, पण निबंधाच्या तक्त्यातून त्या ‘उपवासामुळे, औषधाशी संबंध नाही’ अशा शेऱ्याने वगळल्या आहेत.

विभागप्रमुख हे पत्रलेखिकेचे एमडीचे गाइड. पत्रलेखिकेचे वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हा सर रात्रभर तिथे थांबले होते. त्या विचारतात : ‘सर पैशासाठी खोटे बोलणारे नाहीत, मग याला हितसंघर्ष म्हणायचे का? मी बोलले तर तो कृतघ्नपणा होईल. डीन सरांचे बॅचमेट आहेत. गुपचूप माझे नाव काढून घेऊ का? शिवाय मीही गेल्या वर्षी याच कंपनीसाठी दोन व्याख्याने दिली, मानधन घेतले, आणि पुढच्या महिन्यात गोव्याच्या परिषदेत याच गोळीवर बोलायचे कबूल केले आहे. मला बोलायचा अधिकार तरी आहे का?’

उत्तर :

प्रिय डॉक्टर,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुमच्या सरांबद्दल तुम्ही जे लिहिले आहे त्यावर माझा विश्वास आहे, आणि पुढचे सगळे त्या विश्वासावरच लिहितो आहे. तुमचा पहिला प्रश्न हाच या पत्राचा गाभा आहे, म्हणून त्यावर थोडा जास्त वेळ थांबू.

सर प्रामाणिक आहेत, म्हणून हितसंघर्ष नाही, असे तुम्ही गृहीत धरले आहे. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की तो आरोपासारखा ऐकू येतो, आणि त्यामुळे सज्जन माणसे तो स्वतःला लावून घ्यायला तयार नसतात. पण हितसंघर्ष ही माणसाच्या स्वभावाची गोष्ट नसून तो बसला आहे त्या जागेची आहे. न्यायाधीशाच्या सख्ख्या भावाचा खटला त्याच न्यायाधीशासमोर चालत नाही. त्या न्यायाधीशाला कोणी लबाड म्हणत नाही. त्या खुर्चीतून त्याने तो निकाल देऊ नये, एवढेच त्यात असते. तुमचे सर कंपनीचे सल्लागार आहेत, तिचे वक्ते आहेत, त्यांच्या घरात तिचे शेअर आहेत आणि तिच्याच गोळीच्या अभ्यासाचे ते प्रमुख आहेत. हितसंघर्ष इथेच पुरा झाला. त्यांनी काही वावगे केले की नाही, हा त्यानंतरचा आणि अगदी वेगळा प्रश्न आहे.

आता तो एकादशीचा शेरा पाहू. तुम्ही मधुमेहाचे रुग्ण रोज पाहता, तेव्हा तुम्हाला नवे काही सांगत नाही. पण हे सदर इतरही वाचतात. तुमच्या संयुक्त गोळीत ग्लिमेपिराइड आहे, असे तुम्ही लिहिले आहे. माणूस जेवला आहे की नाही याची वाट न पाहता ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. उपाशी माणसाने ते घेतले की साखर खाली जाते, हे त्या औषधाच्या कामाच्या पद्धतीतूनच येते. म्हणजे उपवास आणि गोळी ही इथे दोन पर्यायी कारणे नाहीत, ती एकमेकांना हात देणारी कारणे आहेत. ‘उपवासामुळे, म्हणून गोळीमुळे नाही’ हे वाक्य वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने टिकत नाही, आणि एमडीच्या परीक्षेत एखाद्या विद्यार्थ्याने ते उच्चारले असते तर तुमच्या सरांनीच त्याला थांबवले असते, असे मला वाटते.

त्याहून महत्त्वाचे असे की हा अभ्यास महाराष्ट्रात झाला. आपल्याकडे एकादशी आहे, चतुर्थी आहे, नवरात्राचे नऊ दिवस आहेत, सोमवार-गुरुवार आहेत, रमजानचे रोजे आहेत. कोणी दिवसभर साबुदाणा आणि रताळी खाऊन राहतो, तर कोणी घोटभर पाण्यावर. उद्या ही गोळी लिहून देणाऱ्या तालुक्याच्या डॉक्टरला तुमच्या निबंधातून सर्वांत उपयोगाची कोणती गोष्ट कळली असती, तर उपवासाच्या दिवशी या गोळीचे काय होते ती. ती माहिती तुमच्या हाती आली होती, आणि ती एका शेऱ्याने बाहेर गेली.

सरांनी हे शेअरची किंमत डोळ्यांसमोर ठेवून केले, असे मी मुळीच म्हणत नाही. हितसंबंध असे काम करतच नाहीत. जिथे शंकेला जागा असते तिथे शंकेचा फायदा कोणाला द्यायचा, एवढेच ते ठरवतात. एक रुग्ण तक्त्यात घ्यायचा की नाही, १२ आठवडे पुढे आणायचे की २४, ‘सौम्य’ लिहायचे की ‘मध्यम’, असे शंभर छोटे निर्णय एका अभ्यासात असतात आणि त्यांतला प्रत्येक निर्णय एकटा पाहिला तर समर्थनीय वाटतो. १९९८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये रक्तदाबावरच्या कॅल्शियम चॅनल ब्लॉकर औषधांच्या वादाचा एक अभ्यास आला होता. त्या औषधांची बाजू घेणाऱ्या लेखकांपैकी ९६ टक्के जणांचे ती बनवणाऱ्या कंपन्यांशी आर्थिक संबंध होते. तटस्थ लेखकांमध्ये हे प्रमाण ६० टक्के, आणि टीका करणाऱ्यांमध्ये ३७ टक्के. यांतले सगळे लेखक विकले गेले होते असे त्या आकड्यांवरून कोणी म्हणू शकत नाही, आणि सगळा योगायोग होता असेही म्हणवत नाही.

आपण मात्र यातून सुटलो आहोत, असे प्रत्येकाला वाटते. अमेरिकेतल्या निवासी डॉक्टरांच्या २००१ सालच्या एका पाहणीत ६१ टक्के जण म्हणाले की कंपन्यांच्या प्रचाराचा माझ्या औषध लिहिण्यावर परिणाम होत नाही. सहकाऱ्यांबद्दल तीच खात्री फक्त १६ टक्क्यांना होती. मी हे दुसऱ्यांकडे बोट दाखवण्यासाठी सांगत नाही. मी तरुण अधिव्याख्याता असताना एका कंपनीच्या खर्चाने परिषदेला गेलो होतो. परतल्यावर काही महिन्यांनी माझ्या युनिटच्या एका निवासी डॉक्टरने बाह्यरुग्ण विभागातले माझेच केसपेपर माझ्यासमोर मांडले. त्या कंपनीचे प्रतिजैविक मी आधी क्वचित लिहीत असे. आता एकावर एक ठेवलेल्या कागदांवर माझ्याच अक्षरात तेच नाव होते. ते लिहिताना एकदाही मला परिषद आठवली नव्हती. ते कागद हातात धरून मी किती वेळ उभा होतो, ते मला आजही आठवते. त्या मुलाने ते धाडस केले नसते तर मी आजही शपथेवर सांगितले असते की माझ्यावर कशाचा परिणाम होत नाही.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. हो, तुम्हाला बोलायचा अधिकार आहे. पण सुरुवात स्वतःपासून करा. तुमची दोन व्याख्याने आणि त्यांचे मानधन निबंधाच्या फॉर्ममध्ये तुमच्या नावापुढे लिहा. बहुतेक वैद्यकीय नियतकालिके संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचा जो फॉर्म वापरतात तो गेल्या ३६ महिन्यांतली व्याख्यानांची मानधने, सल्लागारपदे, प्रवासखर्च, शेअर हे सगळे वेगवेगळ्या रकान्यांत विचारतो. ‘या अभ्यासाशी संबंध आहे का’ हे लेखकाने स्वतः ठरवून गाळावे अशी त्याची रचनाच नाही. संबंध किती हे वाचकाने ठरवायचे असते. तुमचा रकाना भरला गेला की सरांशी बोलताना तुम्ही त्यांच्यावर बोट रोखत नाही, त्यांच्या शेजारी बसता.

गोव्याचे व्याख्यान मात्र सोडा. औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास आणि पाहुणचार घेण्यावर मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत डिसेंबर २००९ मध्ये ६.८ हे कलम घालून बंदी आली. प्रवासाबद्दलचे त्यातले शब्द परिषदेला प्रतिनिधी म्हणून जाण्याबद्दल आहेत, तुम्ही वक्त्या आहात, तेव्हा नियमाच्या अक्षरात तुम्ही बसालही. पण ज्या गोळीच्या अभ्यासातले तीन रुग्ण तुमच्या मनाला टोचत आहेत, तिच्याबद्दल तिच्याच कंपनीच्या पैशाने व्यासपीठावरून तुम्ही त्या तिघांविषयी बोलणार आहात का? आयोजकांना ‘निबंध प्रसिद्ध होईपर्यंत या विषयावर बोलणे मला योग्य वाटत नाही’ एवढे एक वाक्य पुरेसे आहे. त्यात कोणाचा अपमान नाही.

तुमचे दुसरे गृहीतक असे दिसते की ‘नाहीत’च्या जागी ‘आहेत’ लिहिले की प्रश्न मिटला. ही पहिली पायरी आहे आणि ती चुकवता येत नाही, हे खरे. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरिअल स्लोन केटरिंग कर्करोग रुग्णालयाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होसे बासेल्गा यांना पद सोडावे लागले. कंपन्यांशी असलेले आपले आर्थिक संबंध अनेक निबंधांत त्यांनी नमूद केले नव्हते, हे वृत्तपत्रांनी उघड केले होते. स्तनाच्या कर्करोगावरचे त्यांचे संशोधन मोलाचे होते, याबद्दल वाद नव्हता. पद गेले ते न लिहिलेल्या ओळींमुळे. सरांशी बोलताना हे उदाहरण धमकीसारखे वापरू नका, पण मनात असू द्या. ‘आहेत’ लिहिल्याने त्यांची प्रतिष्ठा जाणार नाही, ती वाचेल. आणि ‘शेअर पत्नीच्या नावावर’ या उत्तराबद्दल : अमेरिकेत सरकारी पैशावर संशोधन करणाऱ्यांसाठी २०११ साली कडक केलेल्या नियमांत पती-पत्नी आणि अवलंबून असलेली मुले यांचे हितसंबंध संशोधकाचेच धरले जातात, आणि ५००० डॉलरच्या वर गेले की संस्थेला सांगावे लागतात. तिथला कायदा आपल्याला लागू नाही, पण त्यामागची जाण आपल्यालाही आहे. घरातला पैसा वेगवेगळ्या पासबुकांत असला तरी तो एकाच घरातला असतो, हे कोणत्याही मराठी कुटुंबाला समजावून सांगावे लागत नाही.

पण जाहीर करणे पुरेसे नाही. केन, लोवेन्स्टाइन आणि मूर या तिघांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो. नाण्यांनी भरलेली काचेची बरणी आहे. काही जणांना ती लांबून, थोडाच वेळ दाखवायची आणि आत किती रक्कम आहे याचा अंदाज करायला सांगायचा. दुसऱ्यांना, म्हणजे सल्लागारांना, ती जवळून पाहू द्यायची. त्यांनी पहिल्यांना सल्ला द्यायचा. एका गटात सल्लागाराचा मोबदला समोरच्याचा अंदाज जितका मोठा तितका जास्त, असा ठेवला. हा मोबदला जेव्हा समोरच्याला उघड सांगितला गेला तेव्हा सल्लागारांनी आकडा आणखी फुगवला. ‘मी सांगून टाकले आहे, आता त्याने सावध राहावे’ असा मोकळेपणा त्यांना आला. आणि समोरच्याने सल्ल्यातून थोडे वजा केले खरे, पण पुरेसे नाही. बरणी जवळून पाहिलेले डॉक्टर तुम्ही आणि सर आहात. तुमचा निबंध वाचणारा तालुक्याचा डॉक्टर ती लांबून पाहतो आहे.

याची फार वेदनादायक आठवण वैद्यकाच्या इतिहासात आहे. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जनुकोपचाराच्या प्रयोगात जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा मुलगा मृत्यू पावला. यकृतातल्या विकराच्या एका जन्मजात उणिवेतून तो औषधे आणि पथ्य यांच्या आधारे बऱ्यापैकी जगत होता. पुढच्या बाळांना उपयोग होईल म्हणून तो प्रयोगात आला होता. त्या जनुकोपचार संस्थेचे प्रमुख जेम्स विल्सन आणि खुद्द विद्यापीठ या दोघांचेही जेनोव्हो या कंपनीत आर्थिक हितसंबंध होते. प्रयोग यशस्वी झाल्यास त्यांना आर्थिक लाभ आहे, असा उल्लेख संमतिपत्रात होताही. पण अशाच उपचारात माकडे दगावली होती हे त्या संमतिपत्रात नव्हते, आधीच्या रुग्णांमधले दुष्परिणाम नियामकांकडे वेळेवर पोचले नव्हते, आणि जेसीच्या रक्तातले अमोनिया ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असताना त्याला औषध दिले गेले. पैशाची ओळ कागदावर होती. छोटे छोटे निर्णय मात्र त्याच हातांत राहिले होते.

त्यामुळे तुमच्या निबंधातली सर्वांत निकडीची दुरुस्ती फॉर्ममधली नाही. त्या तीन रुग्णांबद्दलचा निर्णय सरांच्या हातून, आणि तुमच्याही हातून, काढून घेणे ही आहे. औषधाचा दुष्परिणाम आहे की नाही हे ठरवण्याची व्यवस्था बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांत आधीच असते. भारताचा फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याचा, कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि त्याची एडीआर (दुष्परिणाम नोंदवण्याची) केंद्रे बहुतेक ठिकाणी फार्माकॉलॉजी विभागातच आहेत. ज्यांचा कंपनीशी काही संबंध नाही अशा तिथल्या दोघांना दोन्ही गटांतल्या साखर उतरण्याच्या सगळ्या नोंदी, रुग्णाची आणि गटाची ओळख झाकून, द्या आणि त्यांनी लेखी दिलेले मत निबंधात जसेच्या तसे छापा. मुख्य निकषाचे काम त्याहून सोपे आहे : सीटीआरआयवरची नोंद कोणालाही उघडून पाहता येते, तेव्हा २४ आठवड्यांचा निकाल आधी लिहायचा आणि १२ आठवड्यांचा ‘नंतर पाहिलेला’ असे स्पष्ट म्हणून मागे लिहायचा. चांगला परीक्षक ही तफावत तसेही शोधून काढेल.

आता सरांशी बोलण्याबद्दल. तुम्ही कृतघ्नपणा हा शब्द वापरला आहे, आणि तो तुम्हाला किती जड जातो आहे ते मला कळते. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत गाइड आणि विद्यार्थी यांच्यातले नाते घरातल्यासारखे असते. तुमच्या वडिलांच्या उशाशी बसलेला माणूस तो. पण ज्याने तुम्हाला रुग्णाची साखर ३८ असताना पळायला शिकवले, त्याच्याकडे त्याच रुग्णाचा कागद घेऊन जाणे हा त्याच्या शिकवणीचा अवमान कसा होईल? तुम्ही गप्प राहिलात आणि निबंध छापून आल्यावर बाहेरच्या कोणी तो फाडला, तर त्या दिवशी सर तुम्हाला विचारतील की तुला दिसले होते, मग बोलली का नाहीस.

बोलणे एकट्याने, त्यांच्या केबिनमध्ये, ओपीडी संपल्यावर करा. विभागाच्या बैठकीत किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर नको. हितसंघर्ष या शब्दाने सुरुवात करू नका, रुग्णांनी करा. मी असे काहीसे म्हणालो असतो : ‘सर, फॉर्ममध्ये माझी दोन व्याख्याने मी लिहिली आहेत. आपलीही लिहावीत असे मला वाटते, नंतर कोणी बोट ठेवायला नको. आणि हे तीन हायपोचे पेशंट आपण दोघांनी ठरवू नयेत, फार्माकॉलॉजीकडे पाठवू. ते म्हणाले संबंध नाही, तर आपला तक्ता आणखी भक्कम होईल.’ यातले शेवटचे वाक्य युक्ती म्हणून वापरायचे नाही. ते खरे आहे. सरांना विचार करायला आठवडाभर द्या. माणसे पहिल्या भेटीत नाही म्हणतात आणि दुसऱ्या भेटीला स्वतःच फॉर्म काढतात, असे मी पाहिले आहे.

त्याच भेटीत, किंवा त्याआधी, कंपनीशी झालेला करार मागून घ्या आणि निष्कर्ष प्रसिद्ध करण्याबद्दलचे कलम वाचा. हे इथल्या सगळ्याच वाचकांना सांगतो, कारण सही करताना हे पान फार थोडे जण वाचतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या बेटी डाँग यांनी थायरॉइडच्या एका महागड्या ब्रँडची स्वस्त जेनेरिक गोळ्यांशी तुलना केली. पैसा त्या ब्रँडच्या कंपनीचा होता. १९९० मध्ये काम संपले तेव्हा स्वस्त गोळ्या तेवढ्याच चांगल्या ठरल्या होत्या. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने निबंध स्वीकारला, पण १९९५ च्या जानेवारीत छापून यायच्या बेतात असताना तो मागे घ्यावा लागला. कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय काही छापायचे नाही, असे कलम करारात होते आणि त्यावर डाँग यांची सही होती. विद्यापीठ न्यायालयात पाठीशी उभे राहायला तयार झाले नाही. निबंध अखेर १९९७ च्या एप्रिलमध्ये निघाला. मधली सात वर्षे लाखो रुग्ण महाग गोळीचे पैसे मोजत राहिले. आपल्या ६.८ कलमात याचे उत्तर आहे, आणि ते फारच थोड्यांना माहीत आहे : कंपनीच्या पैशाने संशोधन करताना निधीचा स्रोत आणि रक्कम सुरुवातीलाच जाहीर करावी, आणि निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचे स्वातंत्र्य संशोधकाला राहील असे कलम करारात असावे, असे त्यात म्हटले आहे. मेडिकल कौन्सिलच्या जागी आलेल्या नॅशनल मेडिकल कमिशनची २०२३ ची नवी नियमावली स्थगित झाल्यामुळे हेच जुने नियम चालू आहेत.

सर तयार झाले नाहीत तर? गुपचूप नाव काढून घेणे हा पर्याय तुम्हाला सोयीचा वाटतो, कारण त्यात भांडण नाही. माझ्या मते तो शेवटून दुसरा पर्याय आहे. तुमचे नाव गेले तरी तक्ता तसाच राहतो आणि गोळी लिहिणारा डॉक्टर तसाच अंधारात. नाव ठेवून गप्प राहणे तर त्याहून वाईट, कारण लेखक म्हणून सही करणारा प्रत्येक जण संपूर्ण कामाच्या सचोटीला उत्तरदायी असतो, ही लेखकत्वाच्या निकषांतली एक अट आहे. मधला मार्ग इथिक्स कमिटीचा आहे. डीन सरांचे बॅचमेट आहेत म्हणून तो तुम्ही बंद धरला आहे, पण तसे नाही. २०१९ च्या नवीन औषधे व चाचण्या नियमांप्रमाणे कमिटीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचाच असावा लागतो, आणि निम्मे सदस्य तरी संस्थेशी संबंध नसलेले असावे लागतात. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वेही बाहेरचाच अध्यक्ष सांगतात, आणि ज्याचा हितसंबंध आहे अशा सदस्याने त्या चर्चेतून बाहेर जावे असे म्हणतात. अध्यक्षांना एक पानाचे पत्र लिहा. त्यात कोणाच्या हेतूबद्दल एक शब्दही नको : नोंदवलेला निकष, निबंधातला निकष, कळवलेल्या तीन घटना, निबंधात नसलेल्या तीन घटना, आणि जाहीर न झालेले हितसंबंध, तुमच्या स्वतःच्या व्याख्यानांसह. हे करणार आहात ते सरांना आधी सांगा. त्यांच्या पाठीमागे केलेली गोष्ट तुम्हालाच पुढे सलत राहील. त्यानेही काही झाले नाही तर मग नाव काढा आणि का काढले ते नियतकालिकाच्या संपादकांना कळवा.

एक सावधगिरी. दरम्यान जे घडेल ते तारखेसह लिहून ठेवा, पण रुग्णांचे कागद घरी नेऊ नका, त्यांचे फोटो मोबाइलवर काढू नका. रुग्णाची गोपनीयता मोडली की विषय तुमच्या चुकीचा होतो आणि मूळ प्रश्न मागे पडतो. आणि या सगळ्याची किंमत तुम्हाला मोजावी लागणार नाही, असे आश्वासन मी देऊ शकत नाही. बढती लांबेल, पुढच्या अभ्यासात नाव नसेल, विभागात काही दिवस चहाला कोणी हाक मारणार नाही. तुमच्या घरची स्थिती काय आहे ते मला माहीत नाही. ती तोलून पाहा, आणि एखाद्या पायरीवर थांबावे लागले तर स्वतःला भित्री म्हणवून घेऊ नका. पण पहिल्या दोन पायऱ्या, म्हणजे स्वतःचा फॉर्म आणि सरांशी बोलणे, यांना तुमच्या परिस्थितीत कोणतीही अडचण मला दिसत नाही.

कंपनीच्या पैशाने संशोधन करूच नये का, असे तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरते विचारले आहे. मी तसे मानत नाही. आपल्या महाविद्यालयांत दुसरा पैसा तुटपुंजा आहे आणि कंपन्यांच्या पैशातून उपयोगी कामे झाली आहेत. पैसा महाविद्यालयाच्या खात्यात येतो, कोणालाही दिसतो, करारात छापण्याचे स्वातंत्र्य असते आणि विश्लेषण करणाऱ्याच्या घरात त्या कंपनीचा एकही शेअर नसतो, तेव्हा मला तो चालतो. पुढच्या अभ्यासाच्या संमतिपत्रात मात्र एक ओळ रुग्णाला समजेल अशा मराठीत घाला : ‘या अभ्यासाचा खर्च ही गोळी बनवणारी कंपनी देते. तुमच्या डॉक्टरांना त्या कंपनीकडून इतर कामाचे पैसे मिळतात.’ ही ओळ अंगठा उठवणाऱ्याला वाचून दाखवताना आपल्याला अवघड वाटले, तर त्या डॉक्टरने तो अभ्यास चालवू नये.

शेवटी त्या वारकरी काकांबद्दल. अभ्यास संपला तरी ते तुमच्याच ओपीडीत येत असतील, आणि कदाचित तीच गोळी अजून घेत असतील. एकादशी महिन्यातून दोनदा येते. उपवासाच्या दिवशी गोळीचे काय करायचे, घाम सुटला आणि हात थरथरला की खिशातली साखर लगेच तोंडात टाकायची, हे त्यांच्या पिवळ्या कार्डावर मोठ्या अक्षरांत कोणी लिहून दिले आहे का? नसेल तर सरांशी बोलण्याची वाट पाहू नका. त्यांच्या मुलाला उद्या सकाळी फोन करा, आणि बाकीच्या दोघांच्या घरीही.